यादीत नसलेले रुग्ण: एका आरोग्य केंद्रातल्या कॉन्टॅक्ट ट्रेसिंगचे प्रकरण

हे प्रकरण पश्चिम विदर्भातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राचे आहे. गावांची आणि माणसांची नावे दिलेली नाहीत. कोणी ओळखू येऊ नये म्हणून रुग्णांचे आकडे प्रमाण राखून थोडे हलवले आहेत. मी त्या काळात तिथली वैद्यकीय अधिकारी होते. जे चुकले त्यातले बरेच माझ्या सहीने झाले, हे आधीच सांगून ठेवते.

पार्श्वभूमी

सपाटीच्या भागात तीस हजार लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांना एक उपकेंद्र, असा शासनाचा निकष आहे. आमच्याकडे सहा उपकेंद्रे आणि बावीस गावे होती. जमीन काळी, पिके कापूस, तूर आणि हरभरा. फेब्रुवारीत कापसाची शेवटची वेचणी, तुरीची मळणी आणि हरभऱ्याची सोंगणी एकदमच येते. त्या महिन्यात बायामाणसे घरी सापडत नाहीत. सकाळी सातला गाडी येते आणि दिवे लागल्यावर आणून सोडते.

२०२१ उजाडले तेव्हा आमच्याकडे कोरोना संपल्यात जमा होता. १५ जानेवारीला ग्रामपंचायतीचे मतदान झाले, निकालाचा गुलाल उडाला. मग वर्षभर अडलेली साक्षगंधे, लग्ने, राहिलेल्या तेरव्या सगळे एकदम निघाले. मास्क फक्त तालुक्याला जाताना, तोही पोलीस दिसला तर. फेब्रुवारीत अमरावतीकडून आकडे चढू लागले आणि २२ तारखेपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत पुन्हा लॉकडाऊन लागला. आमच्या ओपीडीत तापाचे पेशंट त्याच्या थोडे आधीच वाढले होते.

ट्रेसिंगची रीत ठरलेली होती. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की तालुक्यातून फोन. त्या गावच्या आशाताई आणि आरोग्य सेवक पेशंटच्या घरी जाणार, लक्षणे सुरू होण्याच्या दोन दिवस आधीपासून तो कोणाकोणाला भेटला ते लिहिणार, नावांची हाय रिस्क आणि लो रिस्क अशी विभागणी करणार आणि हाय रिस्कवाल्यांना चौदा दिवस घरी बसवणार. रोज संध्याकाळी पाचच्या आत व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन आकडे टाकायचे: आजचे रुग्ण, आजचे संपर्क आणि दोघांचे गुणोत्तर. एका रुग्णामागे वीस संपर्क हवेत, अशी वरून अपेक्षा होती.

अडचण

आमचे गुणोत्तर एकोणीस होते. तालुक्याच्या बैठकीत आमचे नाव घेऊन दोनदा कौतुक झाले. रुग्ण मात्र दर आठवड्याला वाढत होते.

एका संध्याकाळी त्या दिवसाच्या सात रुग्णांचा आकडा टाकताना सहज विचारले, या सातांपैकी किती जण आपल्या आधीच्या याद्यांत होते? कोणालाच सांगता येईना. याद्या रुग्णाच्या नावाने लावलेल्या होत्या आणि संपर्काचे नाव आतल्या पानांवर. म्हणजे ज्या कामासाठी यादी करायची, की यातला पुढचा पेशंट कोण होतो त्यावर नजर ठेवायची, ते काम त्या रजिस्टरात करताच येत नव्हते. यादी केली, पाठवली, फाईल बंद.

रविवारी मी, एक सिस्टर आणि डाटा एन्ट्री ऑपरेटर असे तिघे पाच रजिस्टरे घेऊन बसलो. तोवरच्या तीन आठवड्यांत ६४ रुग्ण झाले होते. पहिले दहा सोडून दिले, कारण त्यांच्या आधी यादीच नव्हती. उरलेल्या ५४ जणांचे एकेक नाव जुन्या याद्यांत शोधले. एकाच माणसाचे नाव तीन प्रकारे लिहिलेले, बायकांची नावे कुठे माहेरची कुठे सासरची, मोबाईल नंबर सगळ्या घराचा मिळून एकच. दुपारचे तीन वाजले. ५४ पैकी १७ जण रिपोर्ट येण्याआधी आमच्या कुठल्यातरी यादीत होते. त्या सतरांपैकी लक्षणे यायच्या आधीपासून खरोखर घरी बसलेले फक्त सहा.

उरलेले ३७ कुणाच्याच यादीत नव्हते. गुणोत्तर एकोणीस, बाराशेवर नावे लिहिलेली, आणि तरी तीनातले दोन रुग्ण आमच्यासाठी आभाळातून पडलेले.

त्याच रविवारी आणखी एक गोष्ट दिसली. एका गावात तीन वेगवेगळ्या रुग्णांच्या याद्यांत चौदा नावे तीच होती, क्रमही तोच. तो क्रम आशाताईंच्या कुटुंब सर्वेक्षण रजिस्टरातला होता, घर नंबर एकतीसपासून पुढे. सोमवारी त्यांना विचारले तर त्यांनी लपवले नाही. म्हणाल्या, "मॅडम, दुपारी चारला फोन येते, पाचपर्यंत वीस नावं द्या म्हणते. पेशंट म्हणते मी कोणालेच भेटलो नाही. मंग मी काय करू?" मी गप्प बसले, कारण चारचा फोन माझ्याच सांगण्यावरून जात होता.

वेळेचा हिशेब त्याहून वाईट निघाला. लक्षणे सुरू झाल्यावर माणूस साधारण तिसऱ्या दिवशी स्वॅब द्यायला येई. आधी गावच्या डॉक्टरचे इंजेक्शन, मग मेडिकलच्या गोळ्या, मग आम्ही. रिपोर्ट यायला आणखी तीन दिवस. यादी त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे संपर्कातल्या माणसाला 'घरी बसा' असे आम्ही सातव्या दिवशी सांगत होतो. या आजारात एकाची लागण दुसऱ्याकडे जायला सरासरी पाचेक दिवस लागतात आणि लक्षणांच्या दोन दिवस आधीपासून माणूस पसरवू शकतो. सातव्या दिवशी आम्ही दारात पोहोचत होतो, तेव्हा विषाणू तिसऱ्या घरी गेलेला असे.

किती उपयोग होतो, हे मोजायचे कसे

या टप्प्यावर मी कागदावर एक ओबडधोबड गणित मांडले. पुढचे सगळे त्यावर उभे आहे, म्हणून ते नीट सांगते.

ट्रेसिंगने साथ मंदावते ती एकाच वाटेने: ज्याला लागण झाली आहे तो माणूस पसरवायला लागण्याच्या आत बाजूला होतो. तेव्हा प्रश्न दोनच. लागण झालेल्यांपैकी किती जण आपण हेरले, आणि हेरलेल्यांचा पुढचा प्रसार किती कापला. लक्षणांआधीच घरी बसलेल्याचा घराबाहेरचा प्रसार जवळजवळ पूर्ण थांबला असे धरले. उशिरा बसलेल्याचा एक तृतीयांश थांबला असे धरले. हा तृतीयांश माझा अंदाज आहे, कुठल्या पुस्तकातला नाही. मग सहा अधिक अकराचा तिसरा हिस्सा, म्हणजे पावणेदहाच्या आत. भागिले ५४. उत्तर अठरा टक्के.

एक रुग्ण सरासरी दीड जणांना लागण करतो असे धरले, तर अठरा टक्के कापून तो सव्वा जणांना करतो. सव्वा म्हणजे साथ वाढतच राहणार, जरा सावकाश. आटायची तर हा आकडा एकच्या खाली यायला हवा. एवढी धावपळ करून आम्ही साथीच्या पाठीला हात लावत होतो, कासरा हाती लागला नव्हता.

समोर कोणते मार्ग होते

पहिला मार्ग सोपा होता. आहे तेच चालू ठेवायचे. गुणोत्तर चांगले होते, वर कोणी विचारत नव्हते, आणि जास्त नावे लिहिल्याने नुकसान काय, असे आमच्यातल्या एका ज्येष्ठ आरोग्य सेवकाचे म्हणणे होते. माझ्या मते नुकसान होते. वीस दारे फिरणाऱ्या आशाताईला त्यातल्या खऱ्या तीन दारांशी पुन्हा जायला पाय उरत नव्हते.

दुसरा मार्ग म्हणजे मोजमापच बदलायचे: नव्या रुग्णांपैकी किती जण आधी यादीत होते, हाच रोजचा आकडा धरायचा. २०१४ च्या पश्चिम आफ्रिकेतल्या इबोला साथीत याच आकड्यावर लक्ष ठेवले जाई. पण त्यातही पळवाट आहे. गावचे सगळे गाव यादीत घातले की प्रत्येक नवा रुग्ण आपोआप 'यादीतला' ठरतो. म्हणून त्याच्या जोडीला दुसरा आकडा हवा: लिहिलेल्या शंभर नावांमागे पुढे पॉझिटिव्ह किती निघाले. एक आकडा यादी फुगवायला लावतो, दुसरा तिला आवळतो. दोन्ही एकत्र पाहिले तर फसवाफसवी अवघड होते.

तिसरा मार्ग उलटा शोध. पेशंटने कोणाला दिले हे विचारण्याबरोबरच त्याला कुठून लागले हेही विचारायचे, मागचे चौदा दिवस. याला भक्कम आधार होता. तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशात ८४,९६५ रुग्णांच्या ५,७५,०७१ संपर्कांचा अभ्यास २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. त्यात सुमारे सत्तर टक्के रुग्णांच्या संपर्कांत एकही पॉझिटिव्ह सापडला नव्हता, थोडेच रुग्ण पुष्कळांना लागण करत होते. असे असेल तर प्रत्येक पेशंटच्या पुढे धावण्यात बहुतेक फेऱ्या फुकट जातात. मागे गेलात तर, जिथून खूप जणांना लागले तीच जागा पुन्हा पुन्हा हाती लागते. जपानने हे पहिल्यापासून ओळखले होते.

चौथा मार्ग तुलनेचा. ट्रेसिंगचा परिणाम खरा मोजायचा, तर कुठेतरी ते नसलेले किंवा कमी असलेले पाहावे लागते. जाणूनबुजून ते बंद ठेवणे कोणाला पटणार? पण चुकून असे घडले आहे. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एक्सेलच्या फाईलमध्ये ओळी संपल्या आणि १५,८४१ रुग्णांची नावे काही दिवस ट्रेसिंगवाल्यांपर्यंत पोहोचलीच नाहीत. ज्या भागांतली नावे जास्त अडकली तिथे नंतर रुग्ण जास्त वाढले, असे दोन अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले. आमची पाच रजिस्टरे पाहताना मला ही गोष्ट आठवत होती. त्यांच्या ओळी संपल्या होत्या, आमच्या ओळी भरपूर होत्या पण कोणी वाचत नव्हते.

काय केले

दुसरा आणि तिसरा मार्ग एकत्र घेतला. चौथ्याचे पुढे सांगते, ते बिघडले.

चारचा फोन बंद केला. ग्रुपवर गुणोत्तर टाकणे बंद करता येत नव्हते, म्हणून ते जे येईल ते टाकायचे ठरवले. संपर्कांचे वेगळे रजिस्टर केले, गावाप्रमाणे आणि घरनंबराप्रमाणे, आणि नवा रुग्ण आला की आधी ते उघडायचे. त्यात दोन रकाने वाढवले: 'घरी कधीपासून बसला' आणि 'लक्षण कधी आले'. रिपोर्टची वाट न पाहता, स्वॅब घेतानाच तिथल्या बाकावर यादी लिहायला सुरुवात केली. निगेटिव्ह आला तर यादी फाडून टाकायची. यात काही मेहनत वाया गेली, पण तीन दिवस वाचले.

विचारण्याची पद्धत मात्र एका घरी बदलली.

पेशंट चाळिशीची, सोंगणीला जाणारी. मी आणि आशाताई ओट्यावर टेकलो. ती दाराच्या आत, पदर नाकाला. बाजूला सुपात हरभऱ्याचा वाळलेला पाला होता. "कोणाकोणाला भेटल्या होत्या, मावशी?" विचारले. ठरलेले उत्तर आले, "कोणालेच नाही. घर अन् वावर." हेच उत्तर आमच्या रजिस्टरात शंभरदा असेल. मी उठतच होते. आशाताईंनी सहज विचारले, "वावरात कायनं गेल्ती?"

"गाडीनं."

"किती जनी?"

ती आशाताईंकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "चौदा-पंधरा."

छोटी मॅजिक, खेड्यापाड्यांत माणसे वाहणारी बंद गाडी. पाऊण तासाचा रस्ता, धुळीमुळे ताडपत्रीचे पडदे सोडलेले, एकीच्या मांडीवर दुसरी. जाताना आणि येताना. आधी का सांगितले नाही, हे विचारायची गरज पडली नाही. ती स्वतःच बोलली, "नावं सांगतली तं गाडी बंद होईन. माह्यामुळं साऱ्याईची मजुरी बुडन. मंग गावात त्वांड दाखवता येईन का?"

त्या गाडीतल्या चौदा बायका दोन गावांच्या होत्या. दुसऱ्या दिवशी सर्वांची अँटिजेन टेस्ट केली, पाच पॉझिटिव्ह. जुने रजिस्टर काढले तर मागच्या पंधरा दिवसांतले आणखी चार रुग्ण याच बायकांच्या घरचे निघाले. आमच्या कागदावर ती चार स्वतंत्र घरे होती, एकमेकांशी संबंध नसलेली, दोन वेगवेगळ्या उपकेंद्रांतली. गाडी एकच. त्या मार्गावरच्या आणखी दोन गाड्या तपासल्या, त्यांत एकही पॉझिटिव्ह नव्हता. वाहन तेच, गर्दी तीच, आणि तरी एकीतच पेटले होते.

त्यानंतर 'कोणाला भेटलात' हा प्रश्न काढून टाकला. त्याऐवजी दिवस मोडून विचारायचे: सकाळचा चहा कुठे, वावरात कशाने गेलात, पाणी कोणाच्या कॅनमधले, रविवारी बाजार केला का, कोणाकडे कार्य होते का, पंगतीत वाढायला कोण होते. नावे विचारायची नाहीत, जागा विचारायच्या. नावे मागून गोळा होतात, मुकडदमाकडून, आचाऱ्याकडून, बँडवाल्याकडून.

मजुरीचा प्रश्न मात्र आम्हाला झेपला नाही. त्या चौदांपैकी ज्या निगेटिव्ह होत्या त्यांनाही चौदा दिवस घरी बसायला सांगितले. सरपंचांनी दहा दिवसांचे धान्य दिले, तेल-तिखट दुकानदाराने उधार दिले. मजुरी कोणी दिली नाही. सोंगणीचा हंगाम पंधरा दिवसांचा असतो. सातव्या दिवशी त्यातल्या चार जणी दुसऱ्या गाडीने कामावर गेल्या. आशाताईंना ते माहीत होते. रजिस्टरात 'घरी' असेच लिहिलेले राहिले.

काय निष्पन्न झाले

पुढच्या तीन आठवड्यांत ४८ रुग्ण झाले. त्यांपैकी २९ आधी यादीत होते आणि १८ जण लक्षणांआधी घरी बसलेले होते. गुणोत्तर एकोणीसवरून अकरावर घसरले. शंभर नावांमागे पुढे पॉझिटिव्ह निघण्याचे प्रमाण दीडच्या आतून साडेपाचवर गेले. मी तेच गणित पुन्हा केले: १८ अधिक अकराचा तिसरा हिस्सा, भागिले ४८, म्हणजे पंचेचाळीस टक्के. दीडमधून तेवढे कापले की उरते ०.८ च्या आसपास. एकच्या खाली! मी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्याच दिवशी सिस्टरने मला अडवले. "मॅडम, आता आपण यादीतल्यांचीच टेस्ट करतोय. मग सापडणार तेच ना?"

तिचे बरोबर होते. पहिल्या टप्प्यात किट कमी होते, त्यामुळे जवळजवळ सगळे रुग्ण स्वतःहून ओपीडीत आलेले होते. दुसऱ्या टप्प्यात यादीतल्यांना घरी जाऊन तपासत होतो, तेव्हा ते यादीत असणे हा आमच्या कामाचा पुरावा नव्हता, आमच्या शोधण्याच्या जागेचा परिणाम होता. उजेड आहे तिथेच हरवलेली सुई शोधल्यासारखे. म्हणून ४८ मधून यादीमुळे तपासलेले १६ बाजूला काढले. उरले ३२, जे ताप आला म्हणून आपल्या पायाने आले. त्यांपैकी यादीत होते १३, लक्षणांआधी घरी होते सात. सात अधिक सहाचा तिसरा हिस्सा म्हणजे नऊ, भागिले ३२. अठ्ठावीस टक्के. दीडमधून तेवढे कापले तर उरते १.०८.

ही कात्री मात्र उलट बाजूला थोडी जास्त कापते. जो यादीत होता आणि ज्याला आम्ही घरी जाऊन तपासले, तो ओपीडीत येणारच नव्हता, म्हणजे आमचे सर्वांत चांगले काम या ३२ मध्ये मोजलेच जात नाही. खरा आकडा अठ्ठावीस आणि पंचेचाळीसच्या मध्ये कुठेतरी. पद्धत बदलल्यावर अठराच्या पुढे गेलो एवढे मी ठामपणे म्हणेन. साथ आम्ही रोखली, हे म्हणणार नाही.

ते न म्हणण्याचे दुसरे कारण तुलनेतले. माणसे कमी होती, म्हणून नवी पद्धत आधी तीन उपकेंद्रांत सुरू केली आणि दोन आठवड्यांनी उरलेल्या तिघांत. त्यामुळे आपोआप तुलना मिळेल असा माझा हिशेब होता. पहिल्या तिघांत रुग्ण छान उतरले. पण ती तीन मी निवडली होती सर्वांत जास्त रुग्ण असलेली, आणि शिखरावर असलेला आकडा बहुधा खालीच येतो. त्याच सुमारास निर्बंध लागले, आठवडी बाजार बंद झाले, लग्नांवर पन्नास माणसांची मर्यादा आली. आणि उरलेल्या तीन उपकेंद्रांचा आलेख काढला तेव्हा दिसले की तिथे उतार नवी पद्धत पोहोचण्याच्या चार दिवस आधीच लागला होता. तो कागद मी बैठकीत दाखवला. फारसा कोणाला आवडला नाही, कारण तोवर आमच्या 'मॉडेल'ची बातमी द्यायचे ठरत होते.

गुणोत्तर अकरावर आल्याबद्दल खुलासा मागणारे पत्रही आले. मी दोन पानी उत्तर लिहिले. त्याला उत्तर आले नाही.

एप्रिलमध्ये दुसरी लाट पूर्ण भरात आली. रोजचे रुग्ण इतके झाले की स्वॅबच्या बाकावर यादी लिहायला माणूस उरला नाही, रिपोर्ट पाच-पाच दिवस येईना, आणि आमचे लोक ऑक्सिजनच्या खाटा शोधण्यात गुंतले. ट्रेसिंग कागदावर चालू होते. मे महिन्यात तेच मोजमाप पुन्हा करायला घेतले, तर 'लक्षण कधी आले' हा रकाना निम्म्या ओळींत कोरा होता. सोडून दिले.

पुन्हा करायचे झाले तर

सहा उपकेंद्रांपैकी आधी कोणती तीन, हे चिठ्ठ्या टाकून ठरवले असते. पाच मिनिटांचे काम होते. गरज असेल तिथे आधी द्यावे ही माझी भावना चुकीची नव्हती, पण सगळ्यांना एकदम देणे शक्यच नव्हते तेव्हा चिठ्ठीइतका न्याय्य दुसरा मार्गही नव्हता, आणि शेवटी आमच्या हाती काहीतरी लागले असते. या एका निर्णयाची मला जास्त रुखरुख आहे.

'घरी कधीपासून बसला' या रकान्यावर मी जास्त विश्वास ठेवला. त्या चार बायका 'घरी' लिहिल्या गेल्या, तशा आणखी किती असतील? अठरातले पाच जण जरी असे असतील तरी पंचेचाळीसचे अडतीस होतात. दर आठवड्याला दहा नावे उचलून, आशाताईंना न सांगता, सकाळी सात वाजता त्यांच्या दाराशी जाऊन बघायला हवे होते. दंड करायला नाही, रकाना किती खरा आहे ते कळायला. दंडाचा वास जरी आला तरी रकाना आणखी खोटा झाला असता.

मजुरीची सोय आधी आणि नावे नंतर, हा क्रम ठेवला असता. सरपंचांशी बोलणे चौदा बायका घरी बसवल्यावर झाले, ते आदल्या आठवड्यात व्हायला हवे होते. निगेटिव्ह आलेल्यांना चौदाऐवजी कमी दिवस बसवून मध्ये पुन्हा टेस्ट करण्याचा पर्यायही होता. नियमात बसत नाही म्हणून मी तो मांडलाच नाही. सातव्या दिवशी त्या गेल्याच, फक्त टेस्ट न करता गेल्या.

इथे रुग्ण आहे असे सांगणारा कागद घराच्या दारावर चिकटवणे मी पहिल्या आठवड्यातच थांबवायला हवे होते. कागद लागलेल्या घरातून पुढे एकही नाव मिळत नाही, हे आरोग्य सेवक सांगत होते. मी 'आदेश आहे' म्हणत राहिले.

एक गोष्ट आहे तशीच ठेवेन. क्षयरोगाच्या पेशंटचे संपर्क आता आम्ही घरच्यांपुरते विचारून थांबत नाही. फॉर्मवर रकाना नाही, म्हणून मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहितो: गाडी कोणती, सोबत किती जणी, पडदा सोडलेला असतो की उघडा.